राखिव्ह रायोन: युक्रेनच्या डोंगराळ कोपऱ्यातला एक तालुका आणि त्याची सतत बदलत गेलेली सरकारं

युक्रेन म्हटलं की आपल्याला गव्हाची सपाट शेतं, काळी माती, सूर्यफुलं असलंच काहीतरी आठवतं आणि ते चूकही नाही कारण देशाचा बराचसा भाग खरंच सपाट आहे. पण नैऋत्येच्या कोपऱ्यात, जिथे रोमानियाची हद्द लागते, तिथे कार्पेथियन डोंगर आहेत आणि त्या डोंगरांच्या कुशीत राखिव्ह नावाचा एक रायोन आहे. क्षेत्रफळ साधारण १,८०० ते १,९०० चौरस किलोमीटर, वस्ती ८०-९० हजार, म्हणजे आकाराने काही फार मोठा नाही. पण गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत या एका तुकड्यावर एवढ्या सरकारांनी राज्य केलंय की युक्रेनचा प्रशासकीय इतिहास समजून घ्यायचा तर मला याच्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं सापडत नाही.

आधी शब्द क्लिअर करून घेऊ. युक्रेनमध्ये वरपासून खाली तीन पायऱ्या आहेत: ओब्लास्ट, रायोन, ह्रोमादा. ओब्लास्ट म्हणजे प्रांत, असे २४ आहेत, शिवाय क्रिमियाचं स्वायत्त प्रजासत्ताक आणि विशेष दर्जाची दोन शहरं, कीव्ह आणि सेवास्तोपोल. ओब्लास्टच्या खाली रायोन, त्याला आपला तालुका समजा, अगदी तंतोतंत नाही पण समजायला पुरेसं. आणि रायोनच्या खाली ह्रोमादा, म्हणजे एखादं शहर किंवा मोठं गाव आणि आजूबाजूची खेडी मिळून केलेली एक स्थानिक संस्था, जिचं स्वतःचं बजेट असतं आणि निवडून आलेला प्रमुख असतो. राखिव्ह रायोन ज्या ओब्लास्टमध्ये येतो त्याचं नाव झाकारपात्या आणि त्याची राजधानी उझहोरोद. उझहोरोद हे नाव महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांत माहीत असेल, तिथल्या युनिव्हर्सिटीत आपल्याकडची मुलं एमबीबीएसला जायची. पण उझहोरोद एकदम पश्चिमेला स्लोव्हाकियाच्या हद्दीवर आणि राखिव्ह एकदम पूर्वेला, दोन्हींमध्ये रस्त्याने दोनशे किलोमीटरपेक्षा जास्त अंतर. उलट डोंगरापलीकडचं इव्हानो-फ्रान्किव्हस्क, जी दुसऱ्याच ओब्लास्टची राजधानी आहे, ती राखिव्हला बरीच जवळ पडते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता भूगोल. इथे दोनच गोष्टी समजल्या की बाकी सगळं आपोआप उलगडतं: एक डोंगराची मुख्य रांग आणि दुसरी तिसा नदी.

रायोनच्या पूर्व बाजूला चोर्नोहोरा नावाची रांग आहे. युक्रेनमधली दोन हजार मीटरपेक्षा उंच शिखरं आहेत फक्त सहा आणि ती सगळी याच रांगेत. सगळ्यात उंच होवेर्ला, २,०६१ मीटर, ते बरोबर राखिव्ह रायोन आणि इव्हानो-फ्रान्किव्हस्क ओब्लास्टच्या हद्दीवर उभं आहे. ही हद्द कुणी पट्टी घेऊन आखलेली नाही, ती पाणलोटाची रेषा आहे, म्हणजे या बाजूला पडलेला पाऊस तिसामध्ये जातो आणि त्या बाजूला पडलेला प्रुत नदीत. पश्चिमेला स्विदोवेत्स नावाचा दुसरा डोंगर, तिथे द्राहोब्रात म्हणून देशातलं सगळ्यात उंचावरचं स्की रिसॉर्ट आहे. आणि दक्षिणेला मारामारोश डोंगर, त्याच्या माथ्यावरून रोमानियाची सीमा जाते. म्हणजे तीन बाजूंनी डोंगर, आत खोल दऱ्या, आणि माणसं राहतात ती या दऱ्यांच्या तळाशी नदीकाठाने लांबच लांब पसरलेल्या गावांत, कारण दुसरीकडे कुठे घर बांधायला सपाट जागाच नाही. राखिव्ह गाव स्वतः साधारण ४३० मीटर उंचीवर आहे आणि युक्रेनमधलं सगळ्यात उंचावरचं शहर म्हणून ओळखलं जातं.

तिसा नदी म्हणजे मध्य युरोपातली एक मोठी नदी, जवळजवळ साडेनऊशे किलोमीटर वाहून सर्बियात डॅन्यूबला मिळते, हंगेरीच्या सगळ्या मैदानातून ती जाते. तिचा जन्म इथे होतो. स्विदोवेत्सकडून काळी तिसा येते, चोर्नोहोराकडून पांढरी तिसा येते आणि राखिव्हच्या जरा वर दोघी एकत्र होतात. मग ती दक्षिणेकडे जाते आणि दिलोवे गावाच्या खाली, जिथे रोमानियातून येणारी विशेउ नदी मिळते, तिथून पश्चिमेला वळते आणि पुढे बरंच अंतर ती स्वतःच युक्रेन आणि रोमानिया यांच्यातली सीमा आहे.

दिलोवेचं नाव निघालंय तर सांगतो, तिथे १८८७ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सर्व्हेवाल्यांनी एक दगडी खूण उभारली, तिच्यावर लॅटिनमध्ये मजकूर आहे आणि ही खूण म्हणजे युरोपचं भौगोलिक केंद्र असं स्थानिक लोक अभिमानाने सांगतात. असा दावा लिथुआनियात, स्लोव्हाकियात आणि आणखी काही ठिकाणीही केला जातो, कारण युरोपच्या कडा कुठे धरायच्या, बेटं मोजायची की नाही यावर सगळं गणित बदलतं. तरी टुरिस्ट थांबतात, फोटो काढतात आणि त्या छोट्या गावाला चार पैसे मिळतात, ते चांगलंच आहे.

इथली मुख्य वस्ती हुत्सुल लोकांची. हे युक्रेनियन भाषेची आपली एक बोली बोलणारे डोंगरी लोक, मेंढपाळी आणि लाकूडतोड हा त्यांचा पिढीजात धंदा. उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन वर पोलोनिनावर जायचं, म्हणजे झाडं संपल्यावर लागणाऱ्या गवताळ माळांवर, तिथेच दूध काढून ब्रिन्झा नावाचं चीज करायचं आणि थंडी पडायच्या आत खाली उतरायचं. राखिव्हला दर शरद ऋतूत ब्रिन्झाचा मोठा उत्सव भरतो. लाकडाचं काम त्याहून अवघड होतं, ओंडके एकत्र बांधून त्यांचे तराफे करायचे आणि नदीत सोडायचे, पण वरच्या ओढ्यांत तेवढं पाणी नसायचं म्हणून क्लाउझा नावाचे लाकडी बांध घालून पाणी अडवायचं आणि एकदम दार उघडून त्या लोंढ्याबरोबर तराफे खाली न्यायचे. तराफा चालवणाऱ्याला बोकोराश म्हणत. यात जीव जायचा, दरवर्षी कुणी ना कुणी जायचं, आणि तरी पिढ्यान्‌पिढ्या लोक हे करत राहिले कारण शेतीवर पोट भरण्याएवढी जमीन इथे कधीच नव्हती.

हुत्सुलांशिवाय दक्षिणेला तिसाकाठी बिला त्सेर्क्वा, सेरेद्न्ये व्होद्याने अशी रोमानियन बोलणारी गावं आहेत, साधारण दहातला एक माणूस रोमानियन. थोडे हंगेरियन आहेत. जंगलाच्या कामासाठी आणलेल्या जर्मन लोकांची वस्तीसुद्धा होती. आणि ज्यू होते, भरपूर होते, त्यांच्याकडे पुढे येतोच.

आता प्रशासकीय इतिहास, इथे जरा हळू जाऊया कारण गुंता इथेच आहे.

१९१८ पर्यंत हा सगळा भाग हंगेरीच्या राज्यात मारामारोश काउंटीमध्ये होता. या काउंटीचं मुख्य ठिकाण सिगेत, तिसाच्या दक्षिण काठावरचं शहर. कोर्टकचेरी, बाजार, हायस्कूल सगळं सिगेतला. राखिव्हच्या माणसासाठी तिसा ही काही सीमा नव्हती, ती काउंटीच्या मधून जाणारी नदी होती आणि खाली सिगेतला जायचं म्हणजे आपल्याच शहरात जायचं. परका मुलुख होता तो वर, डोंगराच्या माथ्यापलीकडे, तो आधी पोलंड आणि १७७२ नंतर ऑस्ट्रियाच्या ताब्यातला गॅलिशिया. १८९० च्या दशकात डोंगर फोडून रेल्वे आली, गॅलिशियाकडून यासिन्या, राखिव्ह करत ती तिसाच्या काठाने सिगेतला गेली. तेव्हा दोन्ही बाजूंना राजा एकच होता, त्यामुळे कुणाला अडचण वाटली नाही.

पहिलं महायुद्ध संपलं, साम्राज्य कोसळलं आणि काळ्या तिसाच्या खोऱ्यातल्या यासिन्या गावात एक विलक्षण गोष्ट घडली. ८ जानेवारी १९१९ ला तिथल्या लोकांनी, ज्यांतले बरेच जण नुकतेच युद्धावरून परतलेले सैनिक होते, हंगेरियन तुकडीला हाकललं आणि स्वतःचं सरकार जाहीर केलं. याला इतिहासात हुत्सुल प्रजासत्ताक म्हणतात. पुढारी होता स्तेपान क्लोचुराक, वय पंचविशीच्या आतलं. डोंगरापलीकडे पश्चिम युक्रेनियन लोकांचं प्रजासत्ताक उभं राहिलं होतं त्यात सामील व्हायचं हा त्यांचा उद्देश. ते नुसते गावात बसून राहिले नाहीत, महिना संपायच्या आत सिगेतवर चालून गेले, काउंटीचं ठिकाण हातात असल्याशिवाय खोरं टिकणार नाही हे त्यांना कळत होतं, पण तिथे रोमानियन सैन्यापुढे त्यांचा पराभव झाला. ११ जून १९१९ ला रोमानियन सैन्याने यासिन्या घेतलं आणि हे पाच महिन्यांचं राज्य संपलं. लहान गोष्ट म्हणून लोक हे ओलांडून पुढे जातात, पण मला यातलं धाडस खरंच मोठं वाटतं, एका खोऱ्यातल्या लाकूडतोड्यांनी आणि मेंढपाळांनी आपण कुठल्या देशात राहायचं हे स्वतः ठरवायचा प्रयत्न केला होता.

सप्टेंबर १९१९ चा सेंट-जर्मेनचा करार आणि जून १९२० चा ट्रायनॉनचा करार, या दोन कागदांनी सगळं बदललं. तिसाच्या उत्तरेचा भाग नव्या चेकोस्लोव्हाकियाला आणि दक्षिणेचा सिगेतसकट रोमानियाला. म्हणजे मारामारोश काउंटी मधोमध कापली गेली आणि राखिव्हच्या लोकांचं मुख्य शहर एका फटक्यात परदेशात गेलं. प्रशासकीय रेषा माणसाचं रोजचं आयुष्य कशी उलटीपालटी करते हे यावरून दिसतं. रेल्वेचंच बघा, रूळ तर रोमानियाच्या काठावरून जात होते, ते उचलून इकडे आणता येत नाहीत, त्यामुळे चेकोस्लोव्हाकियाच्या गाड्यांना पश्चिमेकडून यासिन्याला पोचायला रोमानियाच्या हद्दीतून जावं लागायचं. आणि तरी त्या जात होत्या, पार प्राग ते यासिन्या. यासिन्या हे त्या देशाचं सगळ्यात पूर्वेचं टोक, आणि आश हे पश्चिमेच्या टोकाचं गाव, त्यामुळे चेक भाषेत ‘आश ते यासिन्या’ म्हटलं की संपूर्ण देश असा अर्थ व्हायचा. याच काळात शाळा निघाल्या, रस्ते झाले, पण करारात वचन दिलेली स्वायत्तता मात्र जवळजवळ वीस वर्षं लांबत गेली.

ती मिळाली १९३८ च्या शरद ऋतूत, जेव्हा म्युनिकच्या करारात सीमेचा मोठा पट्टा हिटलरच्या जर्मनीला द्यावा लागल्यावर चेकोस्लोव्हाकिया मोडायलाच लागला होता. जर्मनी आणि इटलीने मिळून दिलेल्या २ नोव्हेंबर १९३८ च्या व्हिएन्ना निवाड्याने दक्षिणेचा सपाट पट्टा उझहोरोदसकट हंगेरीला दिला, राजधानी खुस्तला हलवावी लागली. १५ मार्च १९३९ ला खुस्तमध्ये कार्पेथियन युक्रेन स्वतंत्र झाल्याची घोषणा झाली, आव्हगुस्तीन व्होलोशीन नावाचे धर्मगुरू राष्ट्राध्यक्ष झाले आणि क्लोचुराक, तोच यासिन्याचा, मंत्री झाला. पण हंगेरीचं सैन्य आत शिरलेलं होतं आणि काही दिवसांत सगळा प्रदेश त्यांच्या हातात गेला. सप्टेंबरमध्ये पोलंड पडल्यावर पोलिश सैनिक आणि निर्वासित यासिन्याच्या वरच्या खिंडीतून हंगेरीत उतरले, त्यातल्या अनेकांचे जीव या वाटेने वाचले.

त्याच यासिन्याचं दुसरं चित्र दोनच वर्षांनी दिसलं आणि ते लिहिताना हात जड होतो. १९४१ च्या उन्हाळ्यात हंगेरी सरकारने ज्यांच्याकडे नागरिकत्वाचे कागद नाहीत असं ठरवलं त्या हजारो ज्यू लोकांना गाड्यांत भरून याच स्टेशनवर आणलं आणि इथून डोंगरापलीकडे कामियानेत्स-पोदिल्स्कीला ढकललं. तिथे ऑगस्टच्या शेवटच्या दिवसांत जर्मनांनी तीन दिवसांत वीस हजारांपेक्षा जास्त माणसं गोळ्या घालून मारली. कागद नाहीत म्हणजे काय, तर वीस वर्षांत देश बदलत गेले आणि गरीब माणसांकडे कुठल्याच सरकारचा पुरेसा पुरावा जमला नाही, अनेकांच्या बाबतीत एवढंच कारण होतं. जे मागे उरले त्यांना १९४४ च्या वसंतात आउश्वित्झला नेलं. राखिव्ह, यासिन्या, वेलिकी बिच्किव्ह इथल्या ज्यू वस्त्या अशा संपल्या.

ऑक्टोबर १९४४ ला लाल सेना आली. २९ जून १९४५ ला चेकोस्लोव्हाकियाने करार करून हा प्रदेश सोव्हिएत युनियनला दिला आणि २२ जानेवारी १९४६ ला झाकारपात्या ओब्लास्ट तयार झालं. आधी खाली ‘ओक्रूग’ म्हणजे जुन्याच धर्तीचे विभाग ठेवले होते, १९५३ मध्ये त्यांचे रायोन केले. बाकी सोव्हिएत युक्रेनमध्ये रायोन १९२३ पासून होते, इथे ते तीस वर्षं उशिरा आले कारण हा भाग तेव्हा त्या देशातच नव्हता. क्लोचुराकला १९४५ मध्येच प्रागमधून उचललं होतं, त्याने रशियाच्या उत्तरेतल्या वोर्कुताच्या कैदी छावणीत वर्षं काढली, सुटल्यावर परत प्रागला गेला आणि १९८० मध्ये तिथेच वारला.

आता मला जे मुख्य सांगायचंय ते इथे येतं. डोंगराची रांग शतकानुशतकं राज्याची सीमा होती, आधी हंगेरी आणि पोलंड, मग हंगेरी आणि ऑस्ट्रिया, मग चेकोस्लोव्हाकिया आणि पोलंड, आजही चोर्नोहोराच्या माथ्यावर चालताना त्या काळचे नंबर घातलेले सीमादगड दिसतात, आणि तिथे १९३८ मध्ये पोलंडने उघडलेल्या वेधशाळेची दगडी इमारतही उभी आहे. १९४५ नंतर ही रांग फक्त दोन ओब्लास्टमधली हद्द झाली, कुणीही ओलांडावी. आणि तिसा, जिच्या दोन्ही काठांवर एकाच काउंटीची माणसं राहत होती, ती काटेरी तारांची आंतरराष्ट्रीय सीमा झाली. दोन्ही रेषा जिथल्या तिथेच होत्या, त्यांचं वजन फक्त अदलाबदल झालं. यामुळे राखिव्हचं तोंडच फिरलं. पूर्वी खाली दक्षिणेला बघणारं खोरं आता वर उत्तरेला, इव्हानो-फ्रान्किव्हस्ककडे बघायला लागलं, रेल्वेही तिकडूनच येते, आणि सरकारी कामाला मात्र पश्चिमेला उझहोरोद. स्वतःच्या ओब्लास्टच्या राजधानीला जायला थेट रेल्वे नसलेला हा रायोन आहे.

निसर्गाच्या बाबतीत दोन गोष्टी थोडक्यात. १९६८ मध्ये इथे राखीव जंगल घोषित झालं, आज ते कार्पेथियन बायोस्फिअर रिझर्व्ह आहे, ऑफिस राखिव्हमध्ये, आणि त्यातली बीच झाडांची आदिम जंगलं २००७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत. यासिन्याचं १८२४ चं लाकडी चर्च २०१३ मध्ये त्याच यादीत गेलं. दुसरी गोष्ट पुराची. १९९८ आणि २००१ मध्ये तिसाला भयंकर पूर आले, उभे उतार, अरुंद दऱ्या, वर बर्फ वितळत असताना धो धो पाऊस पडला की पाण्याला पसरायला जागाच नसते. जंगलतोडीचा यात किती वाटा यावर तिथे अजून वाद चालतो, आणि स्विदोवेत्सवर प्रचंड स्की रिसॉर्ट बांधायच्या प्रस्तावाला जो विरोध झाला त्यातही पाण्याचा मुद्दा पुढे होता.

शेवटचा मोठा बदल २०२०. जुलै २०२० मध्ये युक्रेनच्या संसदेने देशातले ४९० रायोन कमी करून १३६ केले. झाकारपात्यात १३ चे ६ झाले. कारण असं की शाळा, दवाखाने, स्थानिक रस्ते, बालवाड्या ही कामं आणि त्याचे पैसे ह्रोमादांकडे गेले, मग मधल्या पायरीवर एवढी ऑफिसं कशाला ठेवायची. साधारण दीड लाख लोकवस्ती असावी असा एक नियम धरला होता. राखिव्हची वस्ती त्यापेक्षा बरीच कमी, तरी तो आहे तसा राहिला, शेजारी कुणात विलीन झाला नाही. माझ्या मते नकाशा बघितला की हे बरोबरच वाटतं, पांढऱ्या तिसाच्या वरच्या टोकाच्या माणसाला आणखी एक खोरं ओलांडून तालुक्याला पाठवणं हा अन्याय झाला असता.

आज रायोनमध्ये चार ह्रोमादा आहेत: राखिव्ह, यासिन्या, बोहदान आणि वेलिकी बिच्किव्ह. आणि गंमत बघा, यासिन्याची ह्रोमादा म्हणजे साधारण काळ्या तिसाचं खोरं, बोहदानची म्हणजे पांढऱ्या तिसाचं, राखिव्हची म्हणजे दोघी मिळतात तो मधला भाग आणि वेलिकी बिच्किव्हची म्हणजे खालचा सीमेकाठ. कीव्हमध्ये बसून कुणी कितीही विचार केला असता तरी याहून वेगळी वाटणी सोयीची झाली नसती. २०२४ मध्ये आणखी एक छोटा बदल झाला, ‘शहरी धाटणीची वसाहत’ हा सोव्हिएत दर्जा कायद्याने रद्द झाला, त्यामुळे यासिन्या, वेलिकी बिच्किव्ह आणि कोबिलेत्स्का पोल्याना आता साध्या वसाहती म्हणून नोंदल्या जातात.

फेब्रुवारी २०२२ पासून मार्शल लॉ आहे, रायोनचं प्रशासन लष्करी प्रशासन झालंय. सैन्यात जायच्या वयाच्या बहुतेक पुरुषांना देश सोडता येत नाही आणि त्यामुळे तिसा पोहून किंवा मारामारोशचे डोंगर चढून रोमानियात जायचा प्रयत्न करणाऱ्यांतले बरेच जण बुडाले, थंडीने गेले. त्याच वेळी कायदेशीर ये-जा मात्र वाढवायचा प्रयत्न चालू आहे, कारण काळ्या समुद्राची बंदरं धोक्यात आल्यावर पश्चिमेच्या प्रत्येक रस्त्याला महत्त्व आलं. राखिव्हहून रोमानियातल्या व्हालेया विशेउलुई स्टेशनपर्यंतचा जुना रूळ दुरुस्त करून २०२३ च्या सुरुवातीला त्यावर परत प्रवासी गाडी सुरू झाली, आणि बिला त्सेर्क्वाजवळ तिसावर नव्या पुलाचं काम हाती घेतलं गेलं, पलीकडच्या काठावर सिगेत.